आठ बाय बारामधलं लोखंडकाम: घरच्या वर्कशॉपची मांडणी

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरामागे आठ बाय बारा फुटांची पत्र्याची शेड आहे. त्यात एक छोटं लेथ (वस्तू फिरवत कापायचं मशीन), एक ड्रिल मशीन, वेल्डिंगचं मशीन, पाच इंची व्हाइस (वस्तू घट्ट पकडायचा शिकंजा) आणि मी, एवढे मावतो. आणखी कुणी आलं की त्याला ओट्यावर बसावं लागतं. नोकरीची सगळी वर्षं अंबडच्या एका टूलरूममध्ये गेली. तिथे जागा ऐसपैस, आणि एखादी वस्तू लागली की स्टोअरच्या खिडकीत पितळी टोकन टाकायचं, वस्तू हातात. घरी स्टोअर नाही आणि टोकनही नाही. मांडणी चुकली की अर्धा रविवार सहा नंबरची ॲलन की शोधण्यात जातो.

अलीकडे ओळखीतली बरीच पोरं घरी असं काम सुरू करतायत. कुणी आयटीआयचा, कुणी दिवसभर कॉम्प्युटरवर बसणारा. पिंपळगावकडचा एकजण द्राक्षबागेतला फवारणीचा ब्लोअर घरीच दुरुस्त करता यावा म्हणून शिकतोय. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काका, मशीन कुठलं घेऊ?" मी उलट विचारतो, "तुला वेळ कधी मिळतो?" कारखान्यातली पाळी आठ तासांची असते. घरी मिळतो तो जेवणाआधीचा पाऊण तास आणि रविवारची दुपार, तीही पाहुणे आले नाहीत तर. मधे आठ-आठ दिवस शेडचं दार उघडत नाही. त्यामुळे घरच्या मांडणीला मी एकच कसोटी लावतो: दार उघडल्यापासून पाच मिनिटांत कानस लोखंडाला लागली पाहिजे. पुढे जे सांगतोय ते सगळं या पाच मिनिटांसाठी.

पंधरा दिवस फक्त रेघा मारा

कपाट, रॅक, भोकांचा बोर्ड, यातलं काहीही आत्ता घेऊ नका. आहे त्या पसाऱ्यात दोन-तीन छोटी कामं करा. दाराची कडी, कुंडीचा स्टँड, पाण्याच्या मोटरीचा ब्रॅकेट, जे घरात हवं असेल ते. भिंतीवर खडू बांधून ठेवा. एखादी वस्तू शोधायला हातातलं काम टाकून उठलात की एक रेघ मारायची आणि शेजारी वस्तूचं नाव लिहायचं. बस्स, एवढंच.

मी हे केलं तेव्हा मला वाटत होतं, माझा वेळ जातो तो सळ्या आणि पट्ट्या शोधण्यात. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त रेघा तीनच वस्तूंच्या निघाल्या: मार्किंगची सुई, चकची (लेथवर वस्तू धरणाऱ्या जबड्याची) चावी आणि माझा वाचायचा चष्मा. तिन्हींना हक्काची जागा द्यायला मला तीन खिळे लागले. कपाट घेतलं असतं तर चार-पाच हजार गेले असते आणि सुई त्या कपाटात हरवली असती.

रेघांची यादी झाली की वस्तूंचे तीन ढीग करा. ज्यांच्या नावावर खूप रेघा आहेत त्या व्हाइससमोर उभं राहून हात लांबवला की मिळाल्या पाहिजेत. एखाद-दुसरी रेघ असलेल्या वस्तू एका पावलावर. एकही रेघ नसलेल्या माळ्यावर. तिसऱ्या ढिगात आपल्या फार लाडक्या वस्तू असतात, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्याकडे ब्रिटिश मापाचे आटे पाडायचा एक टॅप सेट आहे, पेटीसकट, बघत राहावा असा. वर्षातून एकदा लागतो. तो माळ्यावर आहे.

कंपन्यांत जागा नीट लावायचं जपानी पद्धतीचं फाइव्ह-एस चालतं, सातपूर-अंबडमध्ये काम केलेल्याला ते पाठ असतं. हत्याराच्या आकाराची रेघ मारलेले बोर्ड, पिवळे पट्टे, लेबलं. तिथे ते बरोबरच आहे, कारण एका बाकावर तीन पाळ्यांत तीन माणसं येतात. घरी तुम्ही एकटे. बोर्डावर पान्ह्याची बाह्यरेखा रंगवण्यात रविवार घालवू नका. लेबलं मात्र लावा, कारण आठ दिवसांनी येणारे तुम्ही हे एका अर्थी दुसरी पाळीच असता. डब्यात काय ठेवलंय ते आठवत नाही.

जागा कुठली

गच्ची नको. उन्हाळ्यात पत्र्याखाली उभं राहवत नाही, मशीनची थरथर खालच्या घरात उतरते आणि जड माल वर चढवताना कंबर जाते. घरामागची शेड सगळ्यात चांगली. बहुतेकांच्या वाट्याला पार्किंग येतं. तिथे दोन गोष्टी आधी बघा: स्कूटर आणि गॅसचं सिलिंडर. ग्राइंडरची ठिणगी दहा-बारा फूट सहज जाते आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण काही हवाबंद नसतं. ग्राइंडिंग किंवा वेल्डिंग करायचं असेल त्या दिवशी गाडी गल्लीत काढून लावा. सिलिंडर तिथे ठेवूच नका. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, चहा तिथेच प्या. पोत्याच्या घडीत गेलेली ठिणगी लगेच पेटत नाही, सावकाश धुमसते. वाळूची एक बादली आणि आग विझवायचा दोन किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर दाराजवळ हवा. तो आतल्या कोपऱ्यात नको, आगीतून पलीकडे जाऊन तो आणायचा नसतो.

आवाजाचं भान ठेवा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. ग्राइंडर जवळून नव्वदच्या वरच असतो. आमच्या गल्लीत माझा अलिखित करार आहे: दुपारी एक ते चार हातोडी नाही आणि संध्याकाळी सातनंतर ग्राइंडर नाही. कानस कधीही चालते. शेजाऱ्यांच्या ग्रिलचं कुलूप वर्षातून दोनदा फुकट दुरुस्त करून देतो, त्याचाही उपयोग होतो.

बाक आणि व्हाइस

सगळ्या वर्कशॉपचा मध्य व्हाइस. तो आधी बसवा, बाकीचं त्याच्याभोवती.

उंची मोजायची सोपी रीत आहे. ताठ उभे राहा, कोपर दुमडा, मूठ हनुवटीखाली घ्या. कोपर ज्या उंचीवर येईल तिथे व्हाइसच्या जबड्याची वरची कड आली पाहिजे. माझ्या उंचीला ती जमिनीपासून साधारण १०४ सेंटिमीटरवर येते, म्हणजे व्हाइसची उंची वजा जाता बाक ८५ चा. पोरं बाजारातलं तयार टेबल घेतात, मग वाकून कानस मारतात आणि पाठ धरली की म्हणतात, हे काम आपलं नाही. बाक चाळीस बाय चाळीस मिलिमीटरच्या अँगलचा स्वतः वेल्ड करून घ्या. वर दोन इंची लाकडी फळ्या आणि त्यावर तीन मिलिमीटरचा पत्रा. मागून भिंतीला दोन ठिकाणी बोल्टने बांधा. चारही पाय कितीही जाड केले तरी कानशीच्या झटक्याने सुटा बाक हलतोच.

व्हाइस बाकाच्या पायाच्या बरोबर वर बसवा, दोन पायांच्या मधे नको. आणि आतला, न हलणारा जबडा बाकाच्या कडेच्या किंचित बाहेर आला पाहिजे. हे बारकावे कुणी सांगत नाही. जबडा आत राहिला तर लांब सळी उभी पकडता येत नाही, बाकाला अडते. मग सळी तिरकी धरली जाते, कापही तिरका येतो आणि दोष हॅकसॉला दिला जातो.

हॅकसॉचंच निघालंय म्हणून: कापताना कमीत कमी तीन दात मालावर टेकले पाहिजेत. जाड सळीला इंचाला १८ दातांचं ब्लेड, नेहमीच्या कामाला २४, पातळ पाइपाला आणि पत्र्याला ३२. दातांचं तोंड पुढे. तिन्ही ब्लेडं एकाच खिळ्याला लटकवली की हमखास चुकीचं हातात येतं. तीन खिळे ठोका.

वीज: इथे काटकसर नको

शेडसाठी घरातल्या बोर्डावरून एक्स्टेन्शन ओढू नका. वायरमनकडून वेगळी लाइन घ्या: स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की लाइन तोडणारा), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) आणि खरोखर तपासलेलं अर्थिंग. वेल्डिंगसाठी १६ अँपिअरचा पॉइंट आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनवर २०० अँपिअर लिहिलेलं असतं म्हणून घरातल्या पॉइंटवर ते २०० देईल असं नाही. अडीच मिलिमीटरचा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड ६० ते ९० अँपिअरमध्ये छान चालतो आणि घरच्या कामाला तेवढा पुरतो. एक्स्टेन्शन रीळ वापरावीच लागली तर पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेल्या वायरीत उष्णता साठते, आतलं इन्सुलेशन वितळतं आणि बाहेरून काही कळत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनमधला पहिला वळीव. मी ड्रिलवर पट्टीला भोक पाडत होतो आणि लाइट गेली. बटण बंद न करताच टॉर्च आणायला घरात गेलो. परत आलो, ड्रिल पट्टीत अडकलं होतं म्हणून पट्टी हाताने फिरवून सोडवत होतो, आणि लाइट आली. पट्टी फिरली आणि अंगठ्याच्या मुळाशी चार टाके पडले. पस्तीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला! कारखान्यात हे होत नाही कारण तिथे प्रत्येक मशीनला स्टार्टर असतो. लाइट गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन पुन्हा चालू होत नाही. घरच्या ड्रिलला असतं साधं बटण. आता माझ्या ड्रिलला आणि लेथला नो-व्होल्ट कॉइलवाला स्टार्टर आहे. मशीन कुठलंही घ्या, हा खर्च त्याच्या किमतीत धरूनच घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते-येते ते मोजत बसायची गरज नाही.

उजेडासाठी डोक्यावर दोन एलईडी ट्यूब आणि व्हाइस-ड्रिलवर मान वळणारा एकेक दिवा. स्वस्त एलईडी लुकलुकतात, डोळ्याला ते दिसत नाही. त्या उजेडात फिरणारा चक कधीकधी थांबल्यासारखा दिसतो. लेथवर म्हणूनच चांगल्या ड्रायव्हरचा (आतल्या सर्किटचा) दिवा लावा.

आणि एक. स्वतःच्या हौसेचं काम घरगुती मीटरवर चालतं. बाहेरचे जॉब पैसे घेऊन सुरू केले की महावितरणकडे जोडणीचा वर्ग बदलून घ्या. मंजूर कारणाव्यतिरिक्त वीज वापरली तर २००३ च्या वीज कायद्यातलं कलम १२६ लागतं, आणि त्यातली आकारणी हौसेच्या कमाईपेक्षा मोठी असते.

ग्राइंडरला हद्दपार करा

ग्राइंडरची धूळ म्हणजे नुसती लोखंडाची पूड नसते. त्यात चाकाचे कण असतात, आणि ते लेथच्या बेडवरच्या तेलात बसले की तेलाची पॉलिश पेस्ट होते. हत्यार धरणारं कॅरेज बेडवर सरकेल तितका तो झिजतो. मोठ्या जागेत ग्राइंडिंगचा वेगळा कोपरा करता येतो. आठ बाय बारात कोपरा वेगळा करून काही उपयोग नाही, धूळ सगळीकडे जाते. मी जागेऐवजी वेळ वेगळी केली. ग्राइंडिंग बाहेर ओट्यावर, सगळ्या जॉबचं एकदम, आणि त्याआधी लेथवर जुनी चादर.

अँगल ग्राइंडरचं गार्ड काढलेलं दिसलं की मी त्या माणसाच्या शेडमध्ये थांबत नाही. डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख छापलेली असते, ती बघून घ्या. जुनी, ओल खाल्लेली डिस्क फुटते. कापायच्या पातळ डिस्कने घासायचं नाही. बाकावरच्या ग्राइंडरचा टेकू चाकापासून ३ मिलिमीटरच्या आत असावा. चाक झिजलं की टेकू पुढे सरकवायचा, नाहीतर जॉब त्या फटीत ओढला जातो. त्या चाकावर ॲल्युमिनियम घासू नका, चाक भरतं. आणि लोखंडाच्या ठिणग्या जिथे पडतात तिथे ॲल्युमिनियमची पूड साठू देऊ नका, ती पेटली तर पाण्याने विझत नाही.

ठिणग्यांपासून डोळे वाचवणारा चष्मा घालायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. उपाय: चष्मा ग्राइंडरच्या बटणावरच लटकवा. बटण दाबायचं तर चष्मा हातात घ्यावाच लागतो, मग माणूस घालतोच. चकच्या चावीलाही हाच नियम. तिचा खिळा लेथच्या स्टार्टरशेजारी आहे. खिळा रिकामा दिसला म्हणजे चावी चकमध्येच राहिली, मग हिरव्या बटणाला हात लावायचा नाही. ड्रिल आणि लेथवर हातमोजे, घड्याळ, लांब बाह्या, गळ्यात उपरणं काही नको. हातमोजे वेल्डिंगला आणि पत्रा उचलायला. जस्त चढवलेला पाइप वेल्ड करायचा तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा आणि उघड्यावरच करा. तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो.

माल: रंग, वजन आणि कापायची बाजू

पूर्वी अंबड-सातपूर लिंक रोडवरच्या भंगार बाजारात काय वाट्टेल ते मिळायचं. महापालिकेने २०१७ मध्ये तो उठवला, नंतर पुन्हा वसला, पुन्हा उठला. आता मी औद्योगिक वसाहतीतल्या स्टील विक्रेत्याकडूनच कटपीस घेतो. थोडे महाग पडतात, पण माल कुठला ते कळतं.

ते कळलेलं विसरू नये म्हणून टोकाला रंग लावा. माझ्याकडे एमएसला (साध्या माइल्ड स्टीलला) काही नाही, त्याहून मजबूत ईएन-८ ला पिवळा, ईएन-२४ ला लाल. रंग कुठलाही चालेल, तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आणि कापताना नेहमी बिनरंगाच्या टोकाकडून कापा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण रंगाचं टोक कापून वापरलं की उरलेली सळी अनाथ होते. मग ठिणगी बघत बसावं लागतं: साध्या एमएसची ठिणगी लांब आणि सरळ, कार्बन वाढेल तशी ती फुलबाजीसारखी फुटत जाते. अंदाज येतो, खात्री नाही.

रॅक करण्याआधी वजनाचा हिशोब करा. गोल सळीचं एका मीटरचं वजन म्हणजे मिलिमीटरमधला व्यास गुणिले व्यास, भागिले १६२. पंचवीसची सळी मीटरला ३.८६ किलो भरते, पन्नासची १५.४ किलो. पंचवीसच्या मीटरभराच्या दहा सळ्या म्हणजे जवळजवळ चाळीस किलो, आणि प्लायच्या फळीला दोन स्क्रू मारून लोक त्या टांगतात. जड माल खाली, हलका वर. मी लांब माल मीटरभराचा करून घेतो आणि चार इंची पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यांत उभा ठेवतो. सगळं एका नजरेत दिसतं.

तुकड्यांचा मोह हा वेगळाच विषय आहे. "लागेल कधीतरी" म्हणून साठवलेला डबा भरला की माझा नियम असा: डबा एकच, गोडेतेलाचा पंधरा किलोचा. भरला की ओतायचा, लागतील ते पाच तुकडे ठेवायचे, बाकी भंगारात. पितळ, ॲल्युमिनियम आणि लोखंड वेगळं ठेवा. मिसळलेल्या पितळेला भंगारवाला लोखंडाचा भाव लावतो आणि आपल्याला वाद घालता येत नाही.

हत्यारं जातीने नाही, जोडीने

दुकानात ड्रिल एका खणात, टॅप दुसऱ्या, बोल्ट तिसऱ्या. घरी तसंच मांडलं की सहाचा आटा पाडायला तीन खण उघडावे लागतात. त्याऐवजी एकेका मापाची डबी करा. एम-६ च्या (सहा मिलिमीटरच्या आट्याच्या) डबीत ५ चं ड्रिल, टॅप, आरपार भोकासाठी ६.६ चं ड्रिल आणि थोडे बोल्ट. एम-८ ला ६.८ आणि ९. एम-१० ला ८.५ आणि ११. एम-५ ला ४.२ आणि ५.५. झाकणावर आकडे लिहा. चार-पाच डब्यांत घरातलं बहुतेक काम भागतं. या एका बदलाने माझ्या भिंतीवरच्या रेघा जितक्या कमी झाल्या तितक्या कशानेच झाल्या नाहीत.

ड्रिल मशीनच्या अंगावर वेगाचा कागद चिकटवा. तक्ता शोधायची गरज नाही: एमएससाठी आठ हजाराला ड्रिलच्या व्यासाने भागायचं. पाचच्या ड्रिलला १६०० फेरे, दहाला ८००, तेराला सहाशेच्या आसपास. ॲल्युमिनियमला दुप्पट चालेल, स्टेनलेसला निम्मा. हे हाय-स्पीड स्टीलच्या ड्रिलचं. नवशिके मोठं ड्रिल फार वेगाने फिरवतात, कड निळी पडते, आणि मग ड्रिल खराब निघालं म्हणून दुकानदाराशी भांडतात.

कानशी एकमेकींवर टाकू नका. कानशीचे दात कडक असतात आणि कडक वस्तूवरच मोडतात, म्हणजे दुसऱ्या कानशीवर. फळीला खाचा पाडून उभ्या ठेवा. नवी कानस आधी पितळेवर वापरा, पितळ घासायला धारदार दात लागतात. एकदा लोखंडावर फिरली की ती पितळेवर घसरते.

चुंबकाच्या पट्ट्यांवर हत्यारं लटकवण्याची फॅशन आहे. फोटोत छान दिसतं. पण हत्यार चुंबकीय होतं, त्याला कीस चिकटतो आणि तो मापाच्या वेळी मधे येतो. पट्टी पकड-पेचकसांपुरती ठेवा.

मोजायची हत्यारं शेडमध्ये नाहीतच. व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि गुण्या घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या कपाटात, येवल्याच्या पैठणीच्या खालच्या कप्प्यात. "अहो, ते तेल माझ्या पैठणीला लागलं ना, तर शेडसकट बाहेर," अशी ताकीद आहे. मायक्रोमीटर ठेवताना तोंडं एकमेकांना टेकवू नका, थोडी फट ठेवा. एप्रिलमध्ये उन्हात ठेवलेला जॉब घेऊन लगेच मापायला जाऊ नका. १०० मिलिमीटर ॲल्युमिनियम वीस अंशांनी तापलं की जवळजवळ ०.०५ ने वाढतं.

पावसाळा आणि गंज

नाशकात पाऊस इगतपुरीसारखा कोसळत नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर ऊन दिसत नाही तेव्हा बिडाच्या मशीनवर तांबूस फुली उमटायला एक रात्र पुरते. पत्र्याला आतून थर्माकोल किंवा फोमची शीट लावा, नाहीतर पत्र्याखाली साचलेलं दव थेंबाथेंबाने मशीनवर पडतं. बेडवर स्लाइडवे ऑइल, ६८ नंबरचं, ते धरून राहतं. वापर झाला की घामाचा हात लागलेली जागा पुसायची आणि तेलाचं फडकं फिरवायचं. घाम फार वाईट. ज्याच्या हाताला जास्त घाम येतो त्याचे ठसे दुसऱ्या दिवशी बेडवर उमटलेले दिसतात. हत्यारांच्या कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवा. नाव झिरो, पण जुना पिवळा बल्ब दहा-पंधरा वॅट खातो आणि आतली हवा कोमट ठेवतो. एलईडीवाला झिरो नको, तो गरमच होत नाही.

एवढं सगळं करूनही एका वर्षी माझी अख्खी कानशींची फळी आणि ड्रिलचा संच तपकिरी झाला. तेल होतं, बल्ब होता, पाऊसही संपला होता. चार दिवसांनी कारण सापडलं: डाग देण्याआधी (सोल्डरिंगआधी) पत्रा साफ करायला आणलेली ॲसिडची बाटली. झाकण घट्ट होतं. तरी तिची वाफ निघत राहते आणि बंद शेडमध्ये ती प्रत्येक लोखंडावर बसते. फरशी धुवायचं ॲसिड, डाग देण्याचं फ्लक्स, टॉयलेट क्लीनर, यातलं काहीही शेडमध्ये नको. कुंपणाजवळ, बाहेर.

चढलेला हलका गंज काढायला आपल्या तांबट आळीतला उपाय चालतो: चिंचेचा कोळ. तांबं-पितळ उजळायला तो वापरतात, आणि लोखंडाचा गंजही रात्रभरात सैल होतो. नंतर सोड्याच्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, लगेच तेल. जाड गंजाला बादलीत धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर, निगेटिव्ह गंजलेल्या वस्तूला आणि पॉझिटिव्ह साध्या लोखंडी पट्टीला. पट्टी स्टेनलेसची कधीच नको, क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून हे उघड्यावर.

लेथ

पहिलं वर्ष नको. घ्याल तेव्हा जुनं घेताना कॅरेज चकजवळ आणि दुसऱ्या टोकाला सरकवून बघा. चकजवळ सैल आणि टोकाला घट्ट असेल तर बेड झिजलेला आहे. स्पिंडलच्या डाव्या बाजूला खिडकी किंवा दार येईल असं बसवा, म्हणजे लांब सळी मागून घालता येते. पण मागे लोंबणारी सळी आधाराशिवाय वेगात फिरवू नका, ती वाकते आणि चाबकासारखी फिरते. थ्री-फेज मोटर असेल तर व्हीएफडी (सिंगल-फेजवरून थ्री-फेज देणारा ड्राइव्ह) लावून घरच्या लाइनवर चालते. मोटरची जोडणी बदलावी लागेल का, ते वाइंडरला आधी विचारा.

शेवटची दहा मिनिटं

पाऊण तासातली शेवटची दहा मिनिटं कामाला धरू नका. ब्रशने कीस झाडा. हाताने नको, आणि हवेच्या पाइपाने तर नकोच, तो डोळ्यात जातो आणि मशीनच्या फटीत शिरतो. चावी, सुई, चष्मा आपापल्या खिळ्याला. मग अर्धवट जॉब, त्याचे बोल्ट, त्याला लागणारं ड्रिल सगळं एका ट्रेमध्ये आणि वर चिठ्ठी. तेलाचा डबा उभा चिरून दोन ट्रे होतात, कडा दुमडून घ्या. चिठ्ठीवर झालेलं काम लिहू नका, पुढची पहिली कृती लिहा. "ब्रॅकेट निम्मा झाला" वाचून आठ दिवसांनी काहीच आठवत नाही.

पिंपळगावच्या त्या पोराच्या ब्लोअरचा बुश सध्या माझ्या ट्रेमध्ये आहे. चिठ्ठीवर लिहिलंय: बाहेरचा व्यास २०.०५, पाच शतांश काढायचे, आधी लेथवरची चादर झटक.